घंटाळी ते स्टेशन, भूर मार्गे

घंटाळीहून ठाणे स्टेशन गाठायला मला नोकरीत असताना दहा-अकरा मिनिटं पुरायची. आठ चौदाची फास्ट पकडायची तर आठच्या ठोक्याला चपला पायात हव्यात, आठ तीनला राममारुती रोडचा कोपरा, आठ आठला तिकीटखिडक्या, आणि त्यापुढे जिन्यावर गर्दी नेईल तसं. वाटेत काय काय आहे असं कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. कुठे किती वेळ मोडतो ते मात्र झोपेतही सांगितलं असतं. आता मी त्याच वाटेने नातवाला घेऊन जाते. चारला निघालो तर स्टेशन यायला साडेपाच होतात, आणि तेही मध्ये बंड झालं नाही तर. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून सुटलेली आपल्याकडची पहिली प्रवासी गाडी चौदा डबे, चारशेच्या आसपास पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं घेऊन तासाभरात ठाण्याला पोचली होती. चौतीस किलोमीटर! आमचं अंतर तलावपाळीचा वळसा धरूनही दोन किलोमीटरच्या आतलं. पण इंजिन एकच, आणि त्याचा उजवा गुडघा दुखतो.

नातवाचं घरातलं नाव टिल्लू. जन्मदाखल्यावरचं नाव दोन अक्षरी, सुंदर आणि अर्थ विचारावा लागेल असं आहे. ते सध्या फक्त लस टोचताना वापरतात. वय सव्वादोन. मुलगा अंधेरीला नोकरीला, सून ऐरोलीला, त्यामुळे सकाळपासून संध्याकाळी सहापर्यंत हा माणूस माझ्या ताब्यात. म्हणजे कागदोपत्री. दुपारची झोप आटोपली की तो पलंगावरून पोटावर घसरत उतरतो, दाराशी जाऊन माझी एक आणि आजोबांची एक अशा दोन चपला उचलून आणतो, माझ्या मांडीवर ठेवतो आणि म्हणतो, "भूर." त्याच्या बोलण्यात क्रियापदं अजून फारशी आलेली नाहीत, पण आज्ञार्थ पक्का आहे.

फोर्टातल्या विमा कचेरीत मी एका पर्सवर नोकरी केली. पास, डबा, छत्री, केसांची पिन, संपलं. या गृहस्थांबरोबर बाहेर पडायचं तर खांद्याला झोळी लागते. तीत पाण्याची बाटली, नाचणीची बिस्किटं, चुरमुऱ्यांची डबी, दोन चड्ड्या, एक जुनं मऊ धोतर फाडून केलेली फडकी, आणि एक निळी मोटार, जिला तीनच चाकं आहेत आणि जी न घेता निघालो तर कोपऱ्यावरून परत यावं लागतं. झोळीच्या आतल्या कप्प्यात राजगिऱ्याची चिक्की असते. साखर-गूळ जपून द्यायचा असा घरात नियम आहे, सुनेने वाचून केलेला, आणि मला तो मान्यच आहे. चिक्की माझ्यासाठी असते.

मग बूट. सध्या त्याच्याकडे शिट्टी वाजणारे बूट आहेत. पाऊल टेकलं की टाचेतून चूं आवाज येतो. कुणीतरी पहिल्या वाढदिवसाला दिले होते, तेव्हा मोठे होत होते, आता बरोब्बर बसतात. आम्ही कुठे पोचलोय हे अख्ख्या गल्लीला कळतं. इस्त्रीवाला मान वर न करता "निघाली स्वारी" म्हणतो.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला लागलो की पदपथ सुरू होतो, आणि पदपथ ही आमच्या प्रवासातली पहिली चढण. आमचे हे सार्वजनिक बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, पदपथाची कड दीडशे मिलिमीटरपेक्षा उंच असू नये असं रस्त्यांच्या संकेतांत स्पष्ट लिहिलंय. लिहिलं असेल. एकदा मी त्यांनाच बरोबर नेलं आणि टिल्लूला कडेशी उभं केलं. कड त्याच्या मांडीच्या वर गेली. ह्यांनी वाकून वीत लावून मोजलं, "डांबराचे थर चढायला हवे होते, मग कड कमी व्हायला हवी," असं काहीतरी पुटपुटले आणि घरी येईपर्यंत गप्प होते. टिल्लूने मात्र स्वतःचा मार्ग काढलेला आहे. आधी पोट टेकायचं, मग एक पाय बाजूने वर, मग "हुप्प". वर चढल्यावर दहा पावलांत कुणाच्या तरी दुकानाच्या गाडीवाटेसाठी पदपथ तुटतो, की पुन्हा खाली. पुन्हा हुप्प. मधल्या एखाद्या ठिकाणी झाकण नीट न बसलेलं चेंबर असतं. त्यात खडा टाकून आवाज ऐकल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी त्याचा हात घट्ट धरते, तो दुसऱ्या हाताने खडा टाकतो. मनातल्या मनात मी रोज कुणाला तरी तक्रारअर्ज लिहिते आणि घरी आल्यावर वरणाला फोडणी द्यायच्या नादात विसरते.

राममारुती रोड म्हणजे दुकानं, आणि दुकानं म्हणजे पायऱ्या. माणसं या रस्त्यावर खरेदीला येतात. टिल्लू येतो तो पायऱ्या चढायला. एकही दुकान वगळून चालत नाही. साड्यांच्या एका दुकानाबाहेर पैठणी नेसवलेली बाहुली उभी असते. तिला तो "काकू" म्हणतो आणि तिच्या निऱ्या धरून उभा राहतो, कारण एकदा खऱ्याच एका काकूंच्या निऱ्या धरल्यावर त्यांनी त्याला उचलून घेतलं होतं. बाहुली उचलत नाही म्हणून तो चिडतो. दुकानातला पोरगा हसतो, पण निऱ्या विस्कटायच्या आत येऊन सोडवतोही. नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी या दुकानात लग्नकार्याला दोन-चारदा गेले असेन. माझं नाव तिथे कुणाला माहीत नव्हतं आणि अजूनही नाही, पण आता चपलांच्या दुकानापासून चष्म्याच्या दुकानापर्यंत सगळ्यांना मी माहीत आहे, टिल्लूची आजी म्हणून. परवा मी एकटीच सुट्या पैशांसाठी गेले तर औषधवाल्याने काउंटरवरून खाली वाकून पाहिलं, बरोबर कुणी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला. पैसे दिले, पण उत्साह नव्हता.

याच टापूत, मुख्य रस्त्यापासून जरा आत, गेले काही महिने आमचा सगळ्यात लांब थांबा असतो. नौपाड्यात जुन्या तीन मजली इमारती पाडून टॉवर उभे करायचं काम सगळीकडेच चाललंय. आमची स्वतःची इमारतही त्यातूनच गेली, नाहीतर मी आज सातव्या मजल्यावर राहिले नसते. पण आमची पडली तेव्हा आम्ही घोडबंदर रोडला भाड्याच्या घरात होतो. पडताना पाहिली नाही. ही मात्र पाहिली, रोज थोडी थोडी, टिल्लूमुळे.

त्याला यंत्रांची ओळख माझ्याआधी झाली. जेसीबीला चाकं असतात, पुढे सूप आणि मागे हात असतो. पोकलेनला पट्टे असतात आणि ते सगळंच्या सगळं गर्रकन फिरतं. मी दोन्हींना जेसीबीच म्हणत होते. टिल्लूने मान हलवून "नाआआ, पोकेन" असं सांगितलं, आणि वॉचमनने त्याचं बरोबर असल्याची ग्वाही दिली. तो वॉचमन विदर्भातला. त्याने आमच्यासाठी पत्र्याच्या कुंपणाबाहेर, धूळ येणार नाही अशा अंतरावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडायला सुरुवात केली. "बसा माय, साहेबांचं झालं की उठा."

त्या इमारतीत पहिल्या मजल्यावर माझी गाडीतली मैत्रीण राहायची. आठ चौदालाच असायची, पण तिचं घर माझ्या वाटेवर, त्यामुळे मी खालून चालत असताना ती गॅलरीत शेवटची वेणी घालत असे आणि वरूनच विचारायची, "डबा काय?" मी न थांबता सांगायची. मग भायखळ्यापर्यंत कुणाच्या डब्यातलं काय कुणाला द्यायचं हे ठरायचं. चौथ्या सीटवर तिने मला किती वर्षं अर्धी मांडी टेकू दिली असेल! दाराशी प्राजक्त होता; पावसाळ्याच्या शेवटी सकाळी तिथून जाताना पाय कुठे ठेवायचा असा प्रश्न पडायचा, आणि मी सरळ फुलांवरून चालत जायची, कारण आठ पाच झालेले असायचे.

पोकलेनचा हात पहिल्या मजल्याला लागला त्या दिवशी आम्ही खुर्चीवर होतो. बाहेरची भिंत कोसळली आणि आतली उघडी पडली. निळ्या डिस्टेंपरची, ओट्याच्या वर पांढऱ्या टाइल्स, एका खिळ्याभोवती कॅलेंडरच्या आकाराचा गडद निळा चौकोन. मी त्या घरात जेमतेम पाच-सहा वेळा गेलेली, पण तो चौकोन पाहून मला बसल्या जागी घाम फुटला. पोकलेनने हात मागे घेतला, पुन्हा टाकला, आणि चौकोन खाली आला. टिल्लूने टाळ्या वाजवल्या. "पुन्ना!" तो ओरडला. चालवणाऱ्याने काचेतून त्याला हात केला आणि पुन्हा केलं. रागवावं तर कुणावर? त्याला घर पडलेलं दिसतच नव्हतं, त्याला एक अजस्र हात दिसत होता आणि तो हात आपलं ऐकतो असं वाटत होतं.

पुढे एकदा मैत्रीण स्वतःच आली. घोडबंदरहून बँकेच्या कामाला आली होती, कुणीतरी सांगितलं म्हणून वळली. पदर नाकाला लावून आमच्याशेजारी उभी राहिली. तोवर तळमजल्याचे खांबच उरले होते. प्राजक्ताचं खोड एका बाजूला आडवं, फांद्या छाटलेल्या. ती काही बोलली नाही, मीही नाही. टिल्लूने तिचं बोट धरून तिला समजावलं, "पोकेन. धप्प!" आणि नेहमीप्रमाणे टाळ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती म्हणाली, "वाजव बाबा, वाजव. तुला कुठे दर महिन्याला भाड्याच्या चेकची वाट बघायचीय?" मग तिने पर्समधून खडीसाखर काढून त्याच्या हातावर ठेवली. साखरेचा नियम तिला माहीत नव्हता आणि मी सांगितला नाही.

तलावपाळी आली की वाट मोकळी होते. मासुंदा तलाव हे त्याचं खरं नाव, पण ठाण्यात ते नाव पाटीवरच असतं. या काठाला गडकरी रंगायतन, १९७८ साली उघडलं तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्या नाटकांचा पत्ता. पलीकडे चर्च, कोपऱ्यावर कोपिनेश्वर, आणि भोवताली भेळ, भुट्टे, फुगे. फुगेवाल्याला दुरूनच पाहिलं की मी टिल्लूचं तोंड पाण्याकडे करते. फुगेवाल्यालाही हे माहीत आहे, म्हणून तो पाण्याच्या बाजूने येतो.

इथल्या बाकांवर साडेचार-पाचच्या सुमाराला आमच्यासारख्यांची बैठक असते. आजोबा मंडळी बाकाच्या एका टोकाला राजकारणावर. त्यांच्या नातवंडांच्या दोऱ्याही शेवटी आमच्याच हाती. बायकांत बोलणं काय होतं? डायपर, लंगोट, कुणाला दात आले, कुणाची सून तीन महिन्यांसाठी परदेशी चालली, कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि फिजिओथेरपी कोण करतं. एक बाई सरळ म्हणाल्या, "मला कंटाळा येतो हो." आणि सगळ्याजणी अशा गप्प झाल्या की जणू त्यांनी शिवी दिली. मला त्यांचं पटलं. येतोच. चेंबरमध्ये खडा टाकण्यात पहिल्या आठवड्यात जी गंमत असते ती पुढे राहत नाही. दुधावरच्या सायीचं कौतुक लोकांनी लिहून ठेवलंय, पण साय राखत बसणाऱ्याच्या पाठीला रग लागते त्याचं काय? पाळणाघराची चौकशी आमच्याही घरी झाली होती. मीच नको म्हटलं. त्यामागे प्रेम होतं तसाच अहंकारही होता. मला जमतंय हे मला दाखवायचं होतं.

मागच्या महिन्यात इथेच बूट पाण्यात गेला. टिल्लू कठड्याच्या जाळीशी उभा राहून पायडलच्या होड्या पाहत होता. हंसाच्या आकाराची होडी लांब गेली, हाक मारली तरी येईना, तेव्हा त्याने डावा बूट काढून तिच्या दिशेने भिरकावला. बूट कुठेही पोचला नाही, पण तरंगला. पुढची दहा मिनिटं काठावर जी गर्दी जमली ती मी गणपती विसर्जनानंतर पहिल्यांदाच पाहिली. कुणी म्हणे काठी आणा, कुणी म्हणे मुलाला आधी मागे घ्या, एका तरुणाने मोबाइलवर सगळं टिपून घेतलं. शेवटी होडीवाला बोट काढून गेला, बूट वल्ह्यावर घेऊन आला आणि म्हणाला, "आज्जी, याचं अर्ध्या तासाचं भाडं होतं बरं का." मी पैसे काढायला लागले तर त्याने हात जोडले. बुटाच्या शिट्टीत पाणी शिरलं ते शिरलं. तेव्हापासून उजवा पाय वाजतो, डावा मुका. चूं... चूं... असं मधला ठोका गाळून आम्ही चालतो, आणि इस्त्रीवाला म्हणतो, "स्वारी लंगडी झाली."

कोपिनेश्वराच्या देवळात आम्ही जातो ते घंटेसाठी. रामाजी महादेव बिवलकर या सरसुभेदारांनी १७६० साली हे देऊळ नव्याने उभारलं. मूळ स्थान शिलाहारांच्या काळचं असल्याचं सांगतात. आतली पिंड टिल्लूपेक्षा उंच आहे. पहिल्यांदा नेलं तेव्हा तो तिच्यासमोर थबकला, डोकं मागे टाकून वर पाहत राहिला आणि "बाप्पा मोट्टा" म्हणून माझ्या पदराआड गेला. दुसऱ्या वेळी भीती संपली होती. त्याला कडेवर घेऊन घंटा वाजवायला दिली की एक टोल पुरत नाही. मागे रांग लागते, मी "झालं हं, बाप्पा झोपला" म्हणते, तो वाजवून बाप्पाला उठवतो. मग नंदी. नंदीशी त्याचं बरं जमतं, कारण नंदी उठून जात नाही. झोळीतलं नाचणीचं बिस्कीट नंदीच्या तोंडाला लावायचं, "मम्म कर" म्हणायचं, थोडा वेळ वाट पाहायची आणि मग ते स्वतः खायचं. मी एकदा ओरडले की अरे, ते खाली टेकलंय. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "असू दे गं, नंदीचं उष्टं आहे."

बाहेर पडलं की जांभळी नाका. इथला बाजार मी नोकरीत असताना रविवारीच पाहिला, पिशवी भरायची आणि पळायचं. जूनमध्ये पाऊस पडायच्या सुमाराला येऊरकडच्या बायका शेवळं घेऊन बसतात. सोबत काकडं, नाहीतर शेवळं घशाला खाजतात. ठाण्यातल्या कायस्थांच्या घरात त्या दिवसांत दुसरं बोलणं नसतं. मी वाटा मोजून घेत होते तेवढ्यात टिल्लूने शेवळाचा एक कोंब उचलून त्याची तलवार केली आणि पलीकडच्या टोमॅटोवर वार केला. टोमॅटोवाली "आरं आरं आरं" करत उठली. मी पैसे द्यायला निघाले, तर शेवळंवालीने तिलाच दटावलं, "बस की गं, लेकरू हाय. तुझ्या पोरानं काल माझी काकडं उधळली ती?" त्यांचं आपापसात जुंपलं, आम्ही तिथून निघालो. फुटलेला टोमॅटो टिल्लूच्या मुठीत. तो स्टेशनपर्यंत होता. त्यानंतर माझ्या साडीवर.

कधी कधी कंटाळा करून आम्ही टीएमटीने येऊरच्या पायथ्याच्या उपवन तलावाला जातो. ठाणे परिवहनची ही बस १९८९ साली सुरू झाली तेव्हा आम्हाला कोण अप्रूप होतं. टिल्लूला उपवनही नको आणि डोंगरही नको. त्याला खिडकीजवळचा आडवा दांडा हवा. तिथे उतरून पाच मिनिटांत परतीची बस धरावी लागते. त्या सहलीबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही नाही.

आमचा शेवटचा मुक्काम स्टेशन. मी दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढते. ते दोन तास चालतं, आणि पाच वर्षांखालच्या माणसाला तिकीट नाही. आयुष्यभर पास दाखवून आत शिरलेल्या मला पहिल्यांदा ते तिकीट हातात धरताना उगाच ओशाळल्यासारखं झालं. कुठेच जायचं नाही, आणि तरी स्टेशनवर! पुलाच्या मध्यावर, लोखंडी जाळीशी, गर्दीच्या कडेला आमची जागा ठरलेली. खालून अप, डाउन, मालगाडी, एसी लोकल. मालगाडीचे डबे तो मोजतो: एक, दोन, पाच, दोन, दोन, दोन. मीही त्या पुलावरून हजारदा गेले असेन, पण धावत. पुलाला जाळी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.

पावणेसहाच्या सुमाराला डेक्कन क्वीन जाते. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी ठाण्याला थांबत नाही, म्हणून आम्हा ठाणेकरांना तिचा थोडा राग आणि पुष्कळ अभिमान. २०२२ मध्ये तिला नवे डबे आणि हिरवा-लाल रंग मिळाला. ह्यांना जुना निळा-पांढराच हवा होता. टिल्लूला तुलना करायला जुना रंग माहीत नाही. गाडी पुलाखालून निघते तेव्हा पूल हलतो, तो दोन्ही हातांनी जाळी धरतो, तोंड उघडं, आणि शेवटचा डबा गेल्यावर वळून मला सांगतो, "गेली." मी म्हणते, "हो रे, गेली." तो म्हणतो, "पुन्ना." आता मध्य रेल्वेला कोण सांगणार? पोकलेनवाल्यासारखा ऐकणारा माणूस सगळीकडे भेटत नाही. इथे बंड होतं. जमिनीवर आडवं पडणं, बूट आपटणं, एक वाजणारा, एक न वाजणारा. गर्दी आम्हाला वळसा घालून जाते. पूर्वी अशी एखादी बाई जिन्यात पोर घेऊन बसलेली दिसली की माझ्या मनात यायचं, यांना हीच वेळ मिळाली का? आता संध्याकाळच्या गर्दीतल्या बायकांच्या चेहऱ्यावर मला तोच प्रश्न लख्ख वाचता येतो. त्यांचं काही चुकत नाही. त्यांना डोंबिवली स्लो पकडायची असते.

सहाच्या पुढे-मागे वाशीकडची गाडी नऊ नाहीतर दहा नंबरला लागते आणि सून उतरते. पाठीवर लॅपटॉपची बॅग, केस विस्कटलेले, डोळे आधी जमिनीच्या उंचीवर शोधत येतात. ती दिसली की बंड, डेक्कन क्वीन, निळी मोटार आणि आजी ही सगळी खाती एकदम बंद होतात. तो तिच्या खांद्यात तोंड खुपसतो आणि माझ्याकडे असं पाहतो की या बाई कोण? दीड तास घंटा, नंदी, बूट, टोमॅटो मी निभावलेले! सून म्हणते, "आई, त्रास दिला का हो?" मी म्हणते, "छे गं." तिची नजर माझ्या साडीवरच्या टोमॅटोवर जाते, ती काही बोलत नाही, झोळी माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या घेते. तिच्या खांद्यावर आधीच लॅपटॉप आणि एक टिल्लू.

रिक्षाने घरी. येताना चालायची कुणाचीच तयारी नसते. इमारतीत शिरलो की लिफ्टमध्ये बटण टिल्लूने दाबायचं हा करार आहे. आईच्या कडेवर असल्यामुळे संध्याकाळी त्याचा हात सगळीकडे पोचतो, आणि मग तो एक बटण दाबत नाही, सगळी दाबतो. पहिल्या मजल्यावर दार उघडतं, कुणी नाही, तो "टा-टा" करतो. दुसऱ्यावर पेपरची रद्दी बांधून ठेवलेली, तिलाही टा-टा. तिसऱ्यावर पाटील काका दूध आणायला निघालेले, हातात किटली.

"खाली का?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, वर," मी म्हटलं. "सगळीकडे थांबत."

ते घड्याळाकडे बघून आत आले आणि टिल्लूच्या गालाला हात लावून म्हणाले, "चला, चक्कर मारून येऊ. दूधवाला काही पळत नाही."